बांधणीतली बोटं

१

ताईचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि घरातली लिहिण्याची सगळी कामं धाकटीच्या गळ्यात पडली.

ताई विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. विषय होता जुन्या इमारतींच्या भिंतींमधली ओल. त्याच विषयापायी ती एका भिंतीची ओल मोजायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. "ओलीने सूड उगवला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची. आई-बाबा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होते. या दोघी विद्यापीठामागच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन राहायच्या.

धाकटी शाळेच्या वरच्या वर्गात होती, पण तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचत नसे. दुकानदाराने "काय हवं?" म्हणून विचारलं की ती ताईकडे बघायची आणि ताई सांगायची. दंतवैद्याकडे कुठला दात दुखतोय तेही ताईनेच सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. धाकटीचं जगाशी जे काही बोलणं होतं ते ताईमार्फत चालायचं. ताई नसली तर काय, हा विचार तिच्या मनात कधीकधी यायचा. अर्ध्यावर आला की ती तो तिथेच सोडून द्यायची.

रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसत. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शिरायचं, शोधाच्या चौकटीत शब्द टाकायचे. "नुसतं 'ओल' नको टाकूस, बारके, पूर येईल लेखांचा," ताई सांगायची. "ओल, दगडी भिंत, मोजणी, तिन्ही एकदम." मग वर्षं कमी करायची. लेखासमोर हिरवी खूण असली तर तो तिथल्या तिथे उघडायचा. राखाडी खूण असली तर फक्त सारांश दिसायचा, आणि त्याच्याखाली 'लेख मागवा' असं बटण. ते दाबलं की ग्रंथालयातलं कुणीतरी तळघरातून जुन्या अंकांचा बांधलेला खंड वर आणायचं, पानं स्कॅन करायचं आणि लेख ईमेलने घरी यायचा.

"बसल्या जागी!" ताई म्हणायची. "आमच्या सरांनी याच्यासाठी किती धूळ खाल्ली असेल. म्हणून तर ते असे खोकतात."

त्या आठवड्यात तिचं सगळं गाडं एका लेखावर अडलं होतं. बांधकामाच्या एका जुन्या, कधीच बंद पडलेल्या मासिकातला लेख. ताई ज्या इमारतीची ओल मोजत होती, त्याच इमारतीची ओल कुणीतरी फार पूर्वी मोजली होती आणि तिचा तक्ता लेखात दिला होता. सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, तो तक्ता नसेल तर प्रबंधावर सही नाही. आणि सोमवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. मुदत आधीच वाढवून झाली होती.

लेख आला. धाकटीने उघडला. पानं पिवळट, अक्षरं स्वच्छ. तक्त्याच्या पानाशी आली आणि थांबली.

तक्त्यावर बोटं होती.

चार बोटं. लांब, सडपातळ, करड्या रंगात उमटलेली. स्कॅन करणाऱ्याने पान दाबून धरलं असावं आणि हात काढायचा राहिला असावा. आकड्यांचे दोन रकाने त्याखाली पूर्ण झाकले गेले होते.

"अरे देवा!" ताई कपाळाला डावा हात लावून म्हणाली. "नेमकं इथेच? मागव पुन्हा. आणि खाली लिही, कृपया बोटं वगळून पाठवावीत."

धाकटीने तसं लिहिलं. पण पाठवण्याआधी तिने ते पान परत एकदा मोठं करून पाहिलं. पानाची एक कड मोकळी होती. दुसऱ्या कडेला काळपट सावली होती, म्हणजे ती बांधणीची बाजू, जिथे पान खंडात शिवलेलं असतं.

बोटं सावलीच्या बाजूने आली होती.

२

दुसऱ्या दिवशी शाळेत तिचं लक्ष लागलं नाही. मधल्या सुट्टीत तिने इतिहासाचं पुस्तक बाकावर उघडलं आणि पानावर हात ठेवून पाहिला. वरून हात ठेवला तर मनगट वर दिसतं. बाजूने ठेवला तर बोटं मोकळ्या कडेने येतात. समोरच्या पानावरून हात आणला तर सबंध पंजा दिसायला हवा. कसाही हात वाकडा केला तरी नुसती चार बोटं शिवणीच्या आतून बाहेर येईनात.

"पुस्तकाला मालिश करतेयस का गं?" शेजारची म्हणाली. धाकटीने पुस्तक मिटलं.

काहीतरी साधं कारण असणार, तिने स्वतःला समजावलं. दोन पानं एकावर एक आली असतील. यंत्राने प्रतिमा उलटी केली असेल. यंत्रं काय वाटेल ते करतात.

संध्याकाळी लेख परत आला. तक्त्याच्या आधीची पानं स्वच्छ होती, नंतरची स्वच्छ होती. तक्त्याच्या पानावर बोटं होतीच. आणि ती आता जास्त बाहेर आली होती. काल दुसऱ्या पेरापर्यंत दिसत होती. आज बोटांची मुळं दिसत होती आणि त्यामागे पंजाचा थोडा फुगीर भाग. पान दाबून धरलेला हात असा नसतो, असं धाकटीला वाटलं. दाबणाऱ्या हाताची बोटं सपाट असतात. ही थोडी वाकलेली होती. पान पकडून कुणी स्वतःला वर ओढून घेत असावं तशी.

"ताई, ही बोटं बघ ना. ती आतून आलीयेत."

ताईने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "तुला रिकामपण फार झालंय. अगं, तो कोण स्कॅन करणारा आहे त्याने माझ्याशी वैर धरलंय, दुसरं काही नाही. उद्या शुक्रवार. उद्या आपण स्वतः जाऊन तो खंड बघू. आकडे हाताने उतरवून आणू. म्हणजे तुझ्या हाताने."

"मी नाही आले तर?"

"मग मी डाव्या हाताने खंड पेलेन, पायाने पान उलटेन आणि दातात पेन धरेन. चालेल?"

धाकटीला हसू आलं. ताईबरोबर असताना कुठलीच गोष्ट फार वेळ भयंकर राहत नसे.

३

नियतकालिकांचा विभाग ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, अगदी मागे होता. दुपारची वेळ होती, तरी आत ट्यूबलाइट लागलेल्या. टेबलामागे विभागाच्या बाई बसल्या होत्या, साखळीचा चष्मा गळ्यात. काचेच्या खोलीत स्कॅनचं यंत्र होतं आणि त्याच्यापुढे एक जाडजूड माणूस बसलेला होता.

ताईने तक्रार सांगितली. बाईंनी त्याला हाक मारली. "अहो, या मॅडम म्हणतात तुमची बोटं त्यांच्या लेखात आली."

"माझी बोटं?" तो उठून बाहेर आला आणि त्याने दोन्ही पंजे टेबलावर पसरले. "बघा. केळी आहेत केळी. ही आली असती तर लेखच दिसला नसता."

ताई खळखळून हसली. तिने लॅपटॉपवर ते पान काढून दाखवलं. तो वाकून बघत राहिला.

"आणि मी बोटं लावतच नाही, मॅडम," तो जरा हळू म्हणाला. "यंत्राला काच आहे. खंड खाली ठेवायचा, काच वर दाबायची, मग फोटो. काचेखाली हात जाणारच नाही कुणाचा."

"मग हे काय?"

"मला काय माहीत? मी पानं थोडीच वाचतो. कड सरळ आली की नाही एवढं बघतो." त्याने परत एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि धाकटीच्या लक्षात आलं की त्याने आपले दोन्ही हात खिशात घातले आहेत. "खंड काल परत खाली गेला. मी काही आज पुन्हा ते पान काढणार नाही. यंत्र गरम झालंय."

यंत्र बंद होतं. ते धाकटीलाही दिसत होतं.

बाईंनी सुस्कारा टाकला. "खंड आणून देणारा शिपाई रजेवर आहे. माझे गुडघे जिना उतरतात, पण परत चढत नाहीत. तुम्हीच जाता का खाली? सरकती कपाटं आहेत, चाक फिरवायचं. पूर्वी कधी फिरवलंय?"

"नाही, पण ही आहे ना माझी पैलवान," ताई धाकटीच्या पाठीवर थाप मारत म्हणाली.

बाई धाकटीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला. "नीट ऐक हं, बाळ. कपाटं एकमेकांना चिकटून उभी असतात. मोकळी जागा फक्त एकाच गल्लीपुरती. एक गल्ली उघडलीस की दुसरी बंद होते. म्हणून चाकाला हात लावण्याआधी आत तोंड करून मोठ्याने विचारायचं, 'कोणी आहे?' उत्तर आलं नाही तरच फिरवायचं. न विचारता फिरवलंस तर पुस्तकात सुकलेलं पान सापडतं ना, तसं माणूस सापडेल आम्हाला."

"विचारेल हो ती," ताई म्हणाली.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या.

धाकटीने मान डोलावली.

४

तळघरात थंडी नव्हती, पण हवा हलत नव्हती. जुन्या कागदाचा आणि गंजाचा वास. कपाटं पार छतापर्यंत गेलेली, करड्या पत्र्याची, रुळांवर एकाला एक लागून उभी. प्रत्येकाच्या तोंडाशी लोखंडी चाक. दोन कपाटांमध्ये जाड रबर होतं, त्यामुळे बंद गल्लीतही तळहाताएवढी फट उरायची. त्या फटीतून आत पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. दिवे आपोआप लागणारे होते. माणूस हलला की लागायचे, हलेनासा झाला की विझायचे.

पहिली गल्ली उघडताना ताईनेच खणखणीत आवाजात विचारलं, "कोणी आहे?" उत्तर आलं नाही. धाकटीने चाक फिरवलं. कपाट कुरकुरत सरकलं, पलीकडची गल्ली मिटली आणि इकडची उघडली. ताई आत शिरली तसे तिच्या डोक्यावर एकामागोमाग एक दिवे लागत गेले.

"वर्षं बरोबर आहेत," आतून आवाज आला. "पण आपलंच वर्ष नाही. कुणीतरी पुढच्या गल्लीत कोंबलेलं दिसतंय. थांब, आणखी आत बघते."

चाकाला एक खिट्टी होती. ती लावली म्हणजे चाक जागचं हलत नसे. धाकटीने ती आधीच लावून ठेवली होती. आता काढायला गेली तर निघेना. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी खिट्टी ओढू लागली. तिची पाठ गल्लीकडे होती. मागून पावलं आली, तिच्याजवळून गेली.

"झालं. फिरव," ताई म्हणाली.

खिट्टी निघाली. धाकटी उठली. ताई पुढच्या कपाटाशी पाठमोरी उभी होती, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. गल्लीतले दिवे विझले होते. चाकाला हात लावण्याआधी धाकटीला बाईंचं बोलणं आठवलं. ताई इथेच उभी आहे, मग आत कोण असणार? तरी तिने गल्लीकडे तोंड केलं आणि तिला जमेल तेवढ्या आवाजात, म्हणजे जवळजवळ कुजबुजत, विचारलं, "कोणी आहे?"

"आहे," आतून तेवढ्याच हळू आवाज आला.

धाकटीचा हात चाकावर तसाच राहिला. तिने ताईकडे पाहिलं. ताई हलली नव्हती.

आपलाच आवाज असेल. पत्र्यावर आपटून शेवटचा तुकडा परत आला असेल. रिकाम्या पिंपात बोललं की येतो तसा. आणि आता ताईला सांगितलं तर ती जिना चढेपर्यंत चिडवेल.

"फिरव गं," ताई म्हणाली.

धाकटीने फिरवलं. मध्येच चाक जड झालं. तिने जोर लावला. मग ते पुन्हा हलकं झालं आणि गल्ली मिटली.

५

पुढची गल्ली उघडली आणि ताई आत गेली. धाकटी तोंडाशी उभी राहिली. दिवे ताईच्या मागे मागे गेले आणि अगदी टोकाशी थांबले. तिथे ताई खाली बसून खालच्या फळ्या बघत होती, एवढं दिसत होतं. खंड खेचल्याचा आवाज झाला. मग पानं उलटल्याचा.

"सापडला?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज अर्ध्या गल्लीतही पोहोचला नसेल.

टोकाचा दिवा विझला. स्थिर बसलं की विझतोच तो. ताई हात हलवेल, तो परत लागेल. धाकटी वाट बघत राहिली.

दिवा लागला नाही. पण पानं उलटायचा आवाज चालूच होता. एक पान. मग थोडा वेळ. मग पुढचं पान. अंधारात कुणी सावकाश वाचत बसावं तसा.

"बारके."

धाकटी दचकली. आवाज गल्लीतून आला नव्हता. तो मागून आला होता, मघाशी बंद केलेल्या गल्लीच्या फटीतून.

"बारके, अगं, चाक का फिरवलंस?"

ताईचाच आवाज होता. दम लागल्यासारखा, पण ताईचाच. तीच हाक, घरी स्वयंपाकघरातून मारायची तीच.

"मी आतच होते ना. तू विचारलंस, मी म्हटलं आहे म्हणून. ऐकलं नाहीस?"

धाकटी आठवू लागली. पावलं मागून आली होती. तिने मान वळवली नव्हती. ताई पाठमोरी उभी होती. नंतर ताई या गल्लीत शिरली तेव्हाही तिची पाठच दिसली होती. चेहरा पाहिला होता का? एकदा तरी? ती डोक्याला ताण देत होती आणि दर वेळी तिला नुसती पाठ आठवत होती आणि पांढरं प्लास्टर.

पण त्या फटीत माणूस मावेल कसा? तळहाताएवढी तर जागा. माणूस आत असता तर चाक फिरलंच नसतं.

मध्येच जड झालं होतं.

"उघड ना, राणी. श्वास घेता येत नाहीये गं."

बंद गल्ली उघडायची तर उघडी गल्ली मिटणार. मोकळी जागा एकाच गल्लीपुरती. धाकटीने काळोखाकडे पाहिलं. "ताई?" ती म्हणाली. जीव एकवटून म्हणाली, तरी आवाज ओठांपाशीच विरला. आत पान उलटलं गेलं.

ती चाकाशी गेली. विचारायचंही भान राहिलं नाही. थोडंच, अगदी थोडंच फिरवू. नुसतं डोळ्याने पाहण्यापुरतं. तिने चाक वळवलं. कपाट कुरकुरलं. बंद फट वीतभर रुंद झाली.

समोरच्या गल्लीतला पानांचा आवाज थांबला.

"अजून थोडं," फटीतला आवाज म्हणाला. आता त्यात दम लागल्याचं काही नव्हतं.

आणि मग फटीतून चार बोटं बाहेर आली. लांब, सडपातळ. ती सावकाश आली आणि त्यांनी कपाटाची कड पकडली. डावा हात की उजवा, ते कळत नव्हतं. अंगठा दिसत नव्हता. बोटं वाकली, पेरं पांढरी पडली आणि कपाट रुळावर आपलं आपण किंचित हललं.

धाकटीने चाक सोडलं आणि ती अंधाऱ्या गल्लीत धावली. गल्ली आता अरुंद झाली होती, खांदे दोन्हीकडे घासत होते. तिच्या डोक्यावर एकही दिवा लागला नाही. हात पुढे धरून ती धावली आणि तिचा हात खरखरीत, कडक प्लास्टरवर पडला. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

"अगं, हो हो! हात आहे तो माझा, बैलाचं दावं नाही!"

ती ओढतच राहिली. बाहेर उजेडात येईपर्यंत तिने सोडलं नाही. उजेडात पाहिलं. ताईच होती. काखेत लाल बांधणीचा खंड, केसांत धूळ.

"काय झालं? पांढरीफटक पडलीयस."

"दिवा... दिवा गेला होता."

"हो, गेला होता."

"मग तू वाचत कशी होतीस?"

"दिसत होतं की," ताई म्हणाली.

धाकटीने फटीकडे बोट केलं. तिथे आता काहीच नव्हतं, फक्त वीतभर काळोख. ताईने तिकडे पाहिलं. मग तिने खंड खाली ठेवला, डाव्या हाताने चाक धरलं आणि एका दमात फिरवलं. विचारलं नाही. फट मिटली. आतून एक लहानसा आवाज आला. जाड पुस्तक कुणी मिटावं तसा.

"चल," ताई म्हणाली. "सोमवार जवळ आलाय."

६

तक्ता खंडात स्वच्छ होता. वर येऊन धाकटीने आकडे उतरवले. सरांनी सही केली. सोमवारी प्रबंध गेला, आणि आईने फोनवर इतका आनंद केला की शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

सगळं ठीक झालं. धाकटी स्वतःला हे रोज सांगायची. ताई दुकानात तिच्या वतीने बोलायची, शाळेच्या पालकसभेला आली. ओलीने सूड उगवल्याचा विनोद करायची. फक्त आता दर वेळी त्याच शब्दांत करायची, त्याच जागी थांबून. मग प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी नवा फोटो दिव्यासमोर धरला, जुना फोटो त्याच्या शेजारी धरला आणि म्हणाले, "कमाल आहे. मोडल्याची खूणसुद्धा नाही." ताई हसली. धाकटी तिच्या हाताकडे बघत होती. महिनाभर झाकून ठेवलेला हात थोडा बारीक होणारच, तिने मनाशी म्हटलं. बोटं सडपातळ दिसणारच.

एक दिवस शाळा लवकर सुटली. धाकटी घरी गेली नाही. ती ग्रंथालयात गेली. विभागाच्या बाईंसमोर उभी राहिली.

"ताईचं पेन खाली राहिलंय," ती म्हणाली. बाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे त्यांना ऐकू गेलं.

"जा. पण चाकाला हात लावू नकोस हं एकटी."

तळघरात कपाटं होती तशीच उभी होती. ती गल्ली बंद होती. धाकटी फटीशी गेली. आत काळोख. तिने कान लावला. काही नाही. वाटलं, परत फिरावं. काही नाही म्हणजे काहीच नाही. घरी ताई आहे, संध्याकाळी चहा करेल, गणितं बघेल.

पण खरी ताई जर इथे असेल, आणि इतके दिवस कुणी विचारायलाच आलं नसेल?

तिने फटीला तोंड लावलं, छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

"ताई!"

आवाज पत्र्यांवर आपटत लांबवर गेला. धाकटीला तो आपला वाटलाच नाही.

मागून एक हात आला आणि तिच्या तोंडावर अलगद बसला. लांब बोटं, गार. धाकटीला ओळखीचा साबणाचा वास आला.

"हळू," ताई तिच्या कानाशी म्हणाली. "ऐकेल ना ती."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. दिवे विझले. अंधारात ताईने तिच्या तोंडावरचा हात काढला आणि तिचा हात हातात घेतला. पकड घट्ट नव्हती. हवं तर सोडवून घेता आली असती.

तेवढ्यात फटीतून हाक आली. फार खोलातून, फार थकलेली. इतकी हळू, की ती आलीच नाही असं म्हणायला कुणाची हरकत नसती.

"बारके."

हातात धरलेला हात वाट बघत होता. धाकटीच्या डोळ्यांपुढे दुकानं आली, दवाखाने आले, फोन आले, सगळी अनोळखी माणसं आली आणि त्या सगळ्यांपुढे एकटी उभी असलेली ती.

"काही ऐकू आलं का गं?" ताईने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. स्पष्ट म्हणाली, मोठ्याने म्हणाली, गल्लीच्या पार शेवटपर्यंत पोहोचेल अशा आवाजात.

आणि दोघी हातात हात घालून जिना चढल्या.